आतड्याच्या इम्युनिटीला "सुट्टी" द्या म्हणे!

तो मेसेज परत फिरतोय, मला या महिन्यात तिसऱ्यांदा आला. वाचला नसेल तर थोडक्यात असा: शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जंतू आहेत, आतड्याच्या पेशींना जंतू दिसला रे दिसला की मारामारी सुरू होते, रात्रंदिवस लढून इम्युनिटी दमते, म्हणून अधूनमधून आतडी पूर्ण साफ करून तिला सुट्टी द्या.

दहापटीचं आधी उरकतो. तो 1970 च्या दशकातला ढोबळ अंदाज. 2016 मध्ये सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी नीट हिशेब मांडला तर जंतू साधारण 38 लाख कोटी आणि आपल्या पेशी 30 लाख कोटी निघाल्या, म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जंतूंचं वजन मिळून 200 ग्रॅमच्या आसपास.

आता मारामारी. मुळात जंतू आतड्याच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचतात कुठे? मोठ्या आतड्यात गॉब्लेट पेशी जो चिकट म्यूकस सोडतात तो दोन पदरी असतो, बाहेरच्या सैल पदरात जंतू सुखाने राहतात आणि आतल्या घट्ट पदरात जवळजवळ कोणी नसतं. लहान आतड्यात तो थर सैलच, म्हणून तिथे पॅनेथ पेशी अस्तरातल्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी बसून जंतुनाशक प्रथिनं सोडतात. 2011 मध्ये उंदरांमध्ये दिसलं की रेग-थ्री-गॅमा नावाचं असं एकच प्रथिन नसलं तरी जंतू आणि अस्तर यांच्यामधली 50 मायक्रॉनची मोकळी पट्टी गायब होते. म्हणजे मारण्याची हत्यारं आहेत, पण ती वापरली जातात अंतर राखायला.

आणि मला सगळ्यात भारी वाटते ती सेन्सरची जागा. जंतूची शेपटी ओळखणारा टीएलआर-5 हा रिसेप्टर आतड्याच्या पेशींवर कुठे असतो हे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत बघितलं तर तो खालच्या बाजूला सापडला, म्हणजे जंतू वर हुंदडत असेल तर चालू दे, भिंत ओलांडून खाली आला की बोंब. घराच्या आत बसवलेला चोर-अलार्म समजा.

भिंतीमागच्या इम्यून पेशीही तशाच. आयजीए अँटिबॉडी रोज काही ग्रॅम आतड्यात सोडली जाते, ती जंतूंना चिकटून त्यांना अस्तरापासून लांब ठेवते आणि सूज न आणता काम भागवते. तिथले मॅक्रोफेज घुसलेला जंतू गिळून मारतात पण फारसा गोंगाट करत नाहीत, कारण आयएल-10 या सूज आवरणाऱ्या प्रथिनाचा ब्रेक लागलेला असतो. 1993 मध्ये हा ब्रेक काढलेल्या उंदरांच्या आतड्याला कायमची सूज आली, आणि नंतर असेच उंदीर पूर्ण जंतूमुक्त वाढवले तर सूज आली नाही. तर हो, मेसेजमधलं युद्ध होतं कधीकधी, पण तो आजार आहे, रोजची ड्युटी नव्हे.

"इम्युनिटी दमते" हे तर चक्क उलटं आहे. जन्मापासून जंतूमुक्त ठेवलेल्या उंदरांची इम्युनिटी काही ताजीतवानी नसते, त्यांचे पेयर्स पॅचेस (आतड्याच्या भिंतीतले इम्यून पेशींचे पुंजके) लहान राहतात, आयजीए फार कमी बनते, थोडक्यात ती नीट तयारच होत नाही. शिवाय जंतू अन्नातले तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, ते मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन, आणि त्यानेच रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे इम्युनिटीला आवर घालणाऱ्या पेशी, वाढतात असं 2013 मध्ये उंदरांत दिसलं. याच पेशींच्या शोधाला 2025 चं नोबेल मिळालं, मेसेजवाल्यांनी निदान ती बातमी तरी वाचायची.

राहिली साफसफाई. 2004 च्या प्रयोगात उंदरांना अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जंतू साफ केले आणि मग अस्तराला इजा करणारं रसायन दिलं, तर त्यांची हालत जंतूवाल्या उंदरांपेक्षा कितीतरी वाईट झाली, कारण जंतूंचे सिग्नल मिळाल्याशिवाय अस्तराची दुरुस्तीच धड होत नव्हती. माणसांतही अँटिबायोटिकने नेहमीचे जंतू उडाले की क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा जुलाब करणारा जंतू माजतो हे डॉक्टरांना रोजचं आहे. कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायला सांगतात ते कॅमेऱ्याला नीट दिसावं म्हणून, इम्युनिटीच्या सुट्टीसाठी नाही. आणि अस्तराच्या जुन्या पेशींचीच काळजी असेल तर बहुतेक पेशी 3 ते 5 दिवसांत आपोआप बदलतात, त्यासाठी पोट साफ करायची पावडर लागत नाही.