एक मिनिट कमी

बीटल्स या इंग्लिश बँडचा पांढरा अल्बम मुंबईहून कुरिअरने वेंगुर्ल्यात पोचला आणि तेव्हापासून मी वाडीत तोंड चुकवत फिरतोय.

त्यातलं 'हेल्टर स्केल्टर' मला पाठ. गाणं विरतं, विरलेलं परत वर येतं, आणि शेवटी त्यांचा ड्रमर रिंगो केकाटतो की बोटांना फोड आले. त्या केकाटण्यासाठी कॉलेजात कॅसेट झिजवली. या रेकॉर्डवर गाणं विरलं ते विरलंच. विक्रेत्याला फोन केला. "साहेब, मोनोत ते नसतंच. म्हणून तर महाग!"

आबा नेमके तेव्हाच सुपारी कातरत पडवीत बसलेले.

"म्हणजे मिनिट कमी नि पैशे जास्ती?"

मी त्यांना समजावायला गेलो. मोनो म्हणजे सगळा आवाज एकत्र, स्टिरिओ म्हणजे डावा-उजवा वेगळा. हा अल्बम निघाला त्या १९६८ साली मोनोचं मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेली शेवटची टेप, वेगळं व्हायचं, स्टिरिओचं वेगळं. टेप चालू असताना माणसं हाताने आवाज वर-खाली करायची. आज जसा हात फिरला तसा उद्या फिरत नाही. म्हणून हे गाणं मोनोत साडेतीन मिनिटांचं, स्टिरिओत साडेचारचं. 'डोन्ट पास मी बाय' मोनोत जलद पळतं. 'ब्लॅकबर्ड'मधले पक्षीसुद्धा दोन्हीकडे सारखे ओरडत नाहीत.

"पक्षी ऐकूचे तर खिडकी उघड, झिला." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "दशावतारात तरी काय वेगळां आसता? संवाद लिवलेले नसतत. राक्षस परुळ्याक दोन वाजता मरता, आमच्याकडे पाच वाजले तरी मरणा नाय. पण म्हणान परुळेकारांकडसून कोण जास्ती पैशे घेता?"

माझं सगळं व्याख्यान त्यांनी दोन वाक्यांत उरकलं, वर मलाच खुळा ठरवलं. खुळा मी होतोच म्हणा. इंग्लंडच्या प्रतीवर क्रमांकाआधी पी.एम.सी. असेल तर मोनो, पी.सी.एस. असेल तर स्टिरिओ, एवढं मला ठाऊक होतं. पण विक्रेत्याने पाठवलेला फोटो बघताना चष्मा फ्रिजवर राहिला होता. अमेरिकेत हा अल्बम फक्त स्टिरिओत निघाला, त्या लोकांना असला ताप नाही. पावसाळ्यात कव्हरला बुरशी लागते तीही त्यांच्याकडे लागत नसावी. इथे मी दर जूनला रेकॉर्डी कपाटातून काढून पंख्याखाली वाळत घालतो, पापडासारख्या, आणि नेमकी लाईट जाते.

आबांचं समाधान होईना. "तुका फसवल्यानी. नायतर सुयेक धूळ लागली आसतली. वरसून नाणां ठेव." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी 'ब्लॅकबर्ड' चालू असताना दोन रुपयांचं नाणं ठेवलंसुद्धा. ते घसरलं, सुई खर्रकन आडवी गेली. आता दर फेऱ्याला एक 'खट्ट' वाजतं. हे मिक्स जगात फक्त माझ्याकडे. परत पाठवायची सोय संपली ती वेगळीच. विक्रेता आता फोनही उचलत नाही.

काल बाजारात गेलो. बांगडेवाली लांबूनच ओरडली, "काय वो, तुमचां ता मिनिट गावलां काय?" म्हणजे बातमी बंदरापर्यंत पोचली. चार बायका हसल्या. मी मान खाली घालून पैसे दिले, घरी येऊन पिशवी उघडली. वाट्यात नेहमी सहा बांगडे असतात. काल पाच होते.