परत तेच, सी ड्राइव्ह लालभडक!

जळगावचं मे महिन्याचं ऊन उतरल्यावर कुठे जरा खेळायला बसलो, तर सी ड्राइव्हची पट्टी पुन्हा लाल, म्हणजे जागा संपत आलीय. सी ड्राइव्ह ज्या एसएसडीवर (चिपवाली वेगवान डिस्क) आहे ती २५६ जीबीची, विंडोजला त्यातले दिसतात २३८. आणि भुसावळहून सुट्टीला आलेल्या आतेभावाने शंभर जीबीचा गेम सरळ सीमध्ये टाकलाय! अरे भाऊ, शेजारी १ टीबीची हार्ड डिस्क रिकामी पडलीय ना!

बरं, सगळंच हार्ड डिस्कवर टाका म्हटलं तर तोही वैताग. मोठ्या नकाशाचा गेम असला की गाडी पुढे निघून जाते आणि रस्ता मागून उगवतो. भिंती कितीतरी वेळ नुसत्या पुसट. आतून खर्र-खर्र आवाज. तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते खरी, पण डेटा वाचणाऱ्या हेडला प्रत्येक तुकडा शोधत सरकावं लागतं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच.

म्हणून दर रविवारी माझं हेच काम: खेळायचा गेम एसएसडीवर आणा, जुना हार्ड डिस्कवर हलवा. अर्धा तास नुसतं टक्के बघत बसायचं, त्यात लाइट गेली तर संपलंच.

वर दुकानदार पोरांना सांगतो, एसएसडी टाका, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) दुप्पट! चीड येते. एफपीएस मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवर ठरतो, एसएसडीने लोडिंगचा वेळ वाचतो. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे असतात हो ते.

आणि तू, पुढच्या वेळी इन्स्टॉल करताना आधी मला विचार.