पहिला अडखळता हात पेशंटच्या पोटात नको

महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत सर्जरी शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींशी बोलताना एक मुद्दा हमखास निघतो. नियमाप्रमाणे कॉलेजात स्किल लॅब, म्हणजे पेशंटऐवजी मॉडेलवर हात तयार करायची खोली, लागते, पण त्यांचं म्हणणं असतं, ‘आमच्या ओपीडीला रांगा लागतात, प्लास्टिकच्या पोटावर सराव कशाला? तुमच्याकडे अमेरिकेत केसेस कमी, म्हणून तुम्हाला त्याची गरज.’

यातलं निम्मं मला मान्य आहे. इथे अमेरिकेत 2003 पासून रेसिडेंटच्या, म्हणजे सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरच्या, कामाला आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा आहे. पाच वर्षांत किमान 850 मोठ्या शस्त्रक्रियांची नोंद लागते, तरीही अपरात्री आलेलं फुटलेलं आतडं समोर उघडल्यावर आपल्याकडच्या पीजीचा (पदव्युत्तर विद्यार्थ्याचा) हात जसा न बिचकता चालतो, तसा इथल्या मुलांचा चालताना मला क्वचितच दिसतो. ती धिटाई कुठलंच यंत्र देत नाही.

पण दुर्बिणीच्या सर्जरीचं तसं नाही. मूठ उजवीकडे नेली की पोटातलं टोक डावीकडे जातं, आणि सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. हा उलटा हिशेब हातात बसायला वेळ लागतो. म्हणून इथे बोर्डाचं प्रमाणपत्र हवं असलेल्या जनरल सर्जनसाठी 2009-10 च्या बॅचपासून ‘फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी’ ही दुर्बिणीच्या सर्जरीच्या मूलभूत कौशल्यांची परीक्षा सक्तीची झाली. त्यातलं पहिलं काम दिसायला अगदी सोपं: सहा रबरी तुकडे एका हाताने खुंटीवरून उचलायचे, हवेतच दुसऱ्या हातात द्यायचे, पलीकडच्या खुंट्यांवर बसवायचे आणि सगळे परत आणायचे. सरावाचं उद्दिष्ट 48 सेकंद. तेही एकदा जमून भागत नाही, पुन्हा पुन्हा जमावं लागतं. नवीन मुलांचा तुकडा खुंटीच्या बाजूने हवेतच घिरट्या घालत राहतो. तीच चाचपड पित्तनलिकेशेजारी झाली तर काय होईल, हे सर्जनला सांगायला नको.

येल विद्यापीठाने 16 रेसिडेंट्सवर केलेला प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सिम्युलेटरवर तयार झालेल्यांनी पित्ताशय यकृतापासून 29 टक्के लवकर सोडवलं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती.

आणि पेशंट भरपूर म्हणून हात तयार होतो, हे तरी कुठे खरं आहे? लिस्ट लांबलचक असते, भूल देणारे घाई करत असतात. पीजी महिनोन्‌महिने कॅमेरा धरतो. एखाद्या दिवशी ग्रास्पर (पकडायचा लांब चिमटा) हातात मिळतो, दोन मिनिटं चाचपडतो आणि सर तो काढून घेतात. मग उरलेलं शिक्षण कोणाच्या शरीरावर होतं? एसटीने तालुक्याहून आलेल्या, फॉर्मवर अंगठा उठवलेल्या बाईच्या. खासगी खोलीतल्या पेशंटवर कोणी पहिल्यांदा हात चालवून बघत नाही. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

खर्चाची सबब मला पटत नाही. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत एलईडी दिवा, मोबाइलचा कॅमेरा आणि ऑपरेशन थिएटरमधून बाद झालेली मेरीलँड (बाकदार चिमटा) व नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) एवढ्यावर गाठी मारायचा सराव होतो. आतडं जोडायला शिकायचं तर खाटकाकडून बकऱ्याची आतडी आणता येतात. लाखोंचं यंत्र घेऊन ते फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी उघडण्यापेक्षा असे दहा डबे हॉस्टेलवर ठेवावेत.

खरी अडचण वेळेची आहे. माझ्या विभागात बुधवारी सकाळी दोन तास रेसिडेंटचे कॉल दुसरं कोणी तरी घेतं, ते लॅबमध्ये सराव करतात आणि मी त्यांच्या शेजारी उभी असते. सलग 36 तास जागलेल्या पीजीला ‘जा, लॅबमध्ये सराव कर’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. कामाचे तास, हॉस्टेल, विद्यावेतन यांसाठी मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना वर्षानुवर्षं भांडते आहे; त्या मागण्यांत आठवड्याचे हे दोन तास आणि शेजारी उभा राहणारा एक लेक्चरर हेही यायला हवं. आणि पहिलं पित्ताशय हातात देण्याआधी त्या पीजीला डब्यावर गाठ मारून दाखवायला सांगायचं, एवढं तर कुठलाही युनिट हेड वरच्या आदेशाची वाट न पाहता येत्या सोमवारपासून ठरवू शकतो.