दोन हजार पेपरवाल्या डॉक्टरचा फॉरवर्ड आणि आपल्या मुलींची लस

मुलींसाठी एचपीव्ही लशीचं, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लशीचं शिबिर ठरल्यापासून आपल्या सगळ्या वाड्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, बहुतेक मुंबईच्या चाकरमान्यांकडून आलेला. ज्यांनी पूर्ण वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इस्रायलचे डॉ. येहुदा शोनफेल्ड हे ऑटोइम्यून रोगांचे (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते रोग, ल्युपस त्यातलाच एक) जगातले सगळ्यात मोठे संशोधक, त्यांचे दोन हजार रिसर्च पेपर आहेत, त्यांनी सिद्ध केलंय की लशीतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे संधिवात आणि ल्युपस होतो, कंपन्यांनी त्यांचा पेपर दाबला, आंध्रात सात मुली मेल्या, तेव्हा मुलींना ही लस देऊ नका. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

माझं मेडिकल आहे, त्यामुळे लगेच कोणीतरी म्हणणार की ह्याचा धंदा आहे म्हणून बोलतोय. तर बाबांनो, शिबिरातली लस फुकट आहे आणि त्यातली एक कुपी पण माझ्या फ्रीजमधून जाणार नाहीये. मी लिहितोय कारण हा मेसेज नेहमीच्या गजालींसारखा नाही, ह्यात निम्मं खरं आहे आणि म्हणूनच शिकलेली माणसं पण फसतायत.

माणूस खरा आहे, आणि मोठाच आहे. तेल हाशोमेरच्या शेबा हॉस्पिटलमधे ऑटोइम्यून रोगांचं केंद्र त्यांनी उभं केलं, 'ऑटोइम्युनिटी रिव्ह्यूज' हे जर्नल त्यांनी काढलं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणून एक आजार आहे, ज्यात रक्तात गुठळ्या होतात आणि बायकांचे परत परत गर्भपात होतात, त्यावर त्यांचं काम जगभर वाचलं जातं. हे रोग एका कारणाने होत नाहीत, जीन्स, हार्मोन्स, इन्फेक्शन, आजूबाजूचं वातावरण असे तुकडे जुळून येतात तेव्हा होतात, ही मांडणी ते १९८९ पासून करतायत आणि ती आज कोणी नाकारत नाही. म्हणजे त्यांना भोंदू ठरवून मोकळं व्हायचं असेल तर तेही चूक.

आता दोन हजार पेपर. आकडा साधारण तसाच मोठा आहे, पण गणित करून बघा ना, पंचेचाळीस वर्षांत दोन हजार म्हणजे वर्षाला चव्वेचाळीस, म्हणजे जवळजवळ आठवड्याला एक पेपर. एक माणूस एवढे प्रयोग करू शकत नाही आणि ते तसं म्हणत पण नाहीत. मोठ्या खात्याच्या प्रमुखाचं नाव बहुतेक पेपरवर शेवटी लागतं, काम ज्युनियर डॉक्टर करतात, दुसऱ्या देशांतले ग्रुप सोबत घेतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढतात पन्नास जण, पण गावात म्हणताना अमक्याची रापण, तसंच. शिवाय "पेपर" म्हणजे दरवेळी पेशंटवरची ट्रायल नसते, त्यात रिव्ह्यू येतात म्हणजे दुसऱ्यांच्या कामाचा आढावा, संपादकीय येतं, एका पेशंटची केस रिपोर्ट येते, संपादकाला लिहिलेलं पत्र पण येतं. पबमेड म्हणून मेडिकल पेपरांची वेबसाइट आहे, फुकट आहे, मोबाईलवर उघडते, नाव टाका आणि बाजूच्या फिल्टरमधे "क्लिनिकल ट्रायल" वर टिक करा. कोणत्याही मोठ्या डॉक्टरचं नाव टाकून बघा, यादी किती आखडते ते दिसेल. २०१८ मधे जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या साथीदारांनी 'नेचर'मधे अशा लोकांचा हिशेब मांडला होता ज्यांचे एका वर्षात बहात्तरहून जास्त पेपर येतात, दर पाच दिवसांनी एक, आणि असे हजारो निघाले, त्यात फिजिक्सवाले जास्त कारण तिकडे एकेका पेपरवर हजार हजार नावं असतात. त्यात गुन्हा काही नाही. पण पेपरांच्या संख्येवरून एखादं विधान खरं की खोटं हे ठरत नाही, त्या विधानाचा पेपर कुठला आणि त्यात नेमकं काय मोजलं हे बघावं लागतं.

म्हणून "सिद्ध केलं" कडे येतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. २०११ मधे शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरने एक नवीन सिंड्रोम सुचवला, आशिया नावाचा, इंग्रजीतली आद्याक्षरं घेऊन केलेलं नाव, खंडाशी संबंध नाही. कल्पना अशी की लशीतल्या अ‍ॅल्युमिनियमसारख्या पदार्थांनी, ज्यांना अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात, किंवा सिलिकॉनने काही लोकांची प्रतिकारशक्ती बिथरते. सुचवला. सिद्ध केला नाही, त्या पेपरमधे किती जणांना झाला ह्याची मोजणी नव्हती. निदान कसं करायचं त्याची यादी मात्र होती, आणि ती यादी वाचली की मला तरी आपली भाताची लावणी आठवते.

मुख्य निकष असे: आधी लस, इन्फेक्शन, सिलिकॉन असं काहीतरी शरीरात गेलेलं असणं, मग अंग दुखणं किंवा स्नायूंची कमजोरी, सांधे दुखणं, कायमचा थकवा किंवा झोपून उठल्यावर पण ताजं न वाटणं, विसरायला होणं, ताप, तोंडाला कोरड. ह्यातले दोन मुख्य जुळले की झालं निदान. आणि लस किती दिवसांपूर्वी घेतलेली हवी ह्याला काही मुदतच नाही. आता आषाढात दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून तरवा लावणारी कुठलीही बाई घ्या. गुडघे दुखतात, कंबर धरते, रात्री झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही. आणि कधीतरी कोयती लागली किंवा खिळा घुसला म्हणून पीएचसीत टीटीचं, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहेच. निकष पूर्ण! ह्या हिशेबाने निम्मा सिंधुदुर्ग आजारी निघेल. इतर इम्युनॉलॉजिस्टनी हीच टीका केली, की जी यादी कोणालाही लागू पडते ती कोणताच आजार वेगळा काढू शकत नाही.

टीटीचं नाव निघालंच आहे तर अ‍ॅल्युमिनियमचं सांगून टाकतो. लशीत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घालणं १९३० च्या दशकापासून चालू आहे, लहानपणीच्या ट्रिपलमधे ते आहेत, टीटीत होते, आता टीटीच्या जागी आलेल्या टीडीत (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) पण आहेत. एचपीव्ही लशीतलं प्रमाण मायक्रोग्रॅममधे मोजतात, ग्रॅमचा दहा लाखावा भाग, गार्डासिल ह्या एचपीव्ही लशीच्या जुन्या प्रकारात एका डोसमधे २२५. आणि ज्यांना अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं तीन-तीन, पाच-पाच वर्षं घ्यावी लागतात त्यांच्या अंगात ह्याच्या कितीतरी पट अ‍ॅल्युमिनियम जातं. डेन्मार्कमधे सरकारी नोंदींवरून अशा लोकांचा अभ्यास झाला, २०१२ मधे छापून आला. मेसेज खरा असता तर ह्या लोकांत ऑटोइम्यून रोग धो धो दिसायला हवे होते. उलट थोडे कमीच दिसले.

"पेपर दाबला" ही तर अर्धी गोष्ट कापून सांगितलेली आहे. तो पेपर माणसांवरचा नव्हताच, उंदरांच्या माद्यांवरचा होता. त्यांना गार्डासिल किंवा अ‍ॅल्युमिनियम टोचलं, मग पाण्यात सोडलं आणि किती वेळ हातपाय न हलवता नुसत्या तरंगतात ते मोजलं, जास्त तरंगल्या म्हणजे उदास झाल्या असा अर्थ लावतात. २०१६ मधे 'व्हॅक्सिन' नावाच्या जर्नलने तो मागे घेतला, कारण दिलं की पद्धतीत गंभीर दोष आहेत आणि निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणि नंतर तोच अभ्यास 'इम्युनॉलॉजिक रिसर्च' ह्या दुसऱ्या जर्नलमधे छापून आला, आजही नेटवर कोणालाही दिसतो. दाबलेला पेपर असा कुठे असतो? आणि समजा त्यात काही दोष नसता, तरी ल्युपस झाला किंवा सांधे सुजले असं तो पेपर म्हणत नाही.

मग मोजलं कोणी? डेन्मार्क आणि स्वीडनने. दहा ते सतरा वयाच्या ९,९७,५८५ मुली, त्यातल्या २,९६,८२६ जणींनी लस घेतलेली, २०१३ चा 'बीएमजे' ह्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला अभ्यास. तेवीस प्रकारचे ऑटोइम्यून आजार बघितले. तीन आजारांत लस घेतलेल्या मुलींचा आकडा सुरुवातीला थोडा जास्त आला, तो त्यांनी लपवला नाही, आणखी तपासला, आणि तो लशीमुळे आहे असं काही टिकलं नाही. इथे एक समजून घ्या, ल्युपससारखे रोग मुळातच तरुण मुलींना आणि बायकांना जास्त होतात. तीन लाख मुलींना नुसतं नारळपाणी पाजलं तरी पुढच्या वर्षभरात त्यातल्या काहींना ल्युपस निघेल, आणि घरचे नारळपाण्याला दोष देतील. म्हणून दोन्ही बाजू मोजाव्या लागतात.

आणि लशीमुळे कधीच काही होत नाही असं म्हणणारे पण खोटं बोलतात. १९७६ मधे अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर गियाँ-बारे सिंड्रोम (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) वाढला होता, लाखात साधारण एकाला. २००९ च्या साथीतल्या एका लशीनंतर युरोपात काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अचानक झोप येण्याचा आजार झाला. दोन्ही मान्य झालं, दोन्ही पुस्तकात आहे, आणि दोन्ही वेळा ते पेशंट मोजून कळलं, कोणाच्या नावामागे किती पेपर आहेत हे बघून नाही.

मेसेजमधल्या सात मुलींचं मात्र मी घाईत उडवून लावणार नाही, फक्त त्या सगळ्या आंध्रातल्या नव्हत्या. २००९ मधे तेव्हाच्या आंध्रात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा इथे वीस हजारांहून जास्त मुलींना ही लस दिली गेली आणि त्यातल्या सात जणी पुढे वारल्या, प्रकल्प २०१० मधे बंद पडला. चौकशीत एक खाणीच्या पाण्यात बुडालेली, एक सर्पदंशाने, दोघींनी कीटकनाशक घेतलेलं, एक मलेरियाने असं निघालं, उरलेल्या दोघींत पण लशीशी संबंध दिसला नाही. पण संमतीचा घोळ खरा होता. वसतिगृहाच्या वॉर्डननी, हेडमास्तरांनी आईबापांच्या जागी सह्या केल्या होत्या आणि २०१३ मधे संसदेच्या समितीने त्यावरून चांगलंच झापलं. तेव्हा आपल्या शिबिरात फॉर्मवर सही तुमची हवी, गुरुजींची नको, एवढा हट्ट जरूर धरा.

ह्याच गोंधळातून आपल्याकडचंच एक काम निघालं ते कोणी फॉरवर्ड करत नाही. तेव्हा भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघणारी एक वेगळी ट्रायल चालू होती, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल पण त्यात होतं. २०१० मधे सगळं थांबवल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यांना वर्षानुवर्षं तपासत राहिले आणि एका डोसचं संरक्षण पण जवळपास दोन-तीन डोसांएवढंच निघालं. २०२२ मधे जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल म्हटलं त्यामागच्या पुराव्यांत हा एक. स्कॉटलंडमधे बारा-तेरा वर्षांच्या असताना लस पूर्ण घेतलेल्या मुलींत गर्भाशयमुखाचा एकही कॅन्सर सापडला नाही, आणि आपल्या देशात २०२२ मधे ह्याच कॅन्सरने ऐंशी हजारांच्या आसपास बायका गेल्याचा अंदाज आहे.

काल एका काकूने काउंटरवर सरळच विचारलं, "चेडवाक देऊचा की नाय, तेवढा सांग." द्या. नऊ ते चौदा हे चांगलं वय. इंजेक्शननंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवा, ह्या वयात मुली नुसत्या भीतीने चक्कर येऊन पडतात, उपाशीपोटी पाठवू नका. यीस्टची किंवा आधीच्या लशीची जोरदार अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि जिला आधीच ल्युपस किंवा संधिवात आहे तिच्यासाठी पण युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०१९ मधे एचपीव्ही लस इतरांसारखीच द्या असं सांगितलंय, फक्त तिच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तिच्या डॉक्टरला विचारून मग जा, मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून नको.