खर्ची

"ताई, तू घुसखोरांची बाजू घेतेस?" असं मामेभावाने परवा घरातल्या सगळ्यांसमोर विचारलं. पंगत बसली होती, म्हणून तिथे काही बोलले नाही. पण गेलं वर्षभर हा प्रश्न या ना त्या तोंडून ऐकतेय, तर आज सगळं लिहूनच टाकते. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

मी कोणाची बाजू घेत नाही. परवान्याशिवाय दुसऱ्या देशातून आलेल्या माणसाला कायद्याने परत पाठवावं, हे माझं मत कालही होतं आणि आजही आहे. पण "बाहेरचे येऊन आपल्या पोरांचं काम खातात" असं आपण म्हणतो, तेव्हा ते काम नेमकं कुठून आणि कोणाच्या हातून जातं, हे मी बांधकाम कंपनीत कॉन्ट्रॅक्टरांची बिलं तपासायच्या टेबलावरून २१ वर्षं बघतेय. त्या टेबलाकडे कोणी वळून बघत नाही, याचा मला राग आहे.

बांधकामाच्या साइटवर 'खर्ची' चालते. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. बिगाऱ्याची हजेरी समजा ७०० रुपये. महिन्याला २६ हजेऱ्या भरल्या तर १८ हजार २०० होतात. हे पैसे त्याला महिन्याच्या महिन्याला मिळतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. दर रविवारी बाजाराच्या दिवशी मुकादम त्याच्या हातावर हजार-दीड हजार ठेवतो, तांदूळ-तेल, मोबाईलचं रिचार्ज, तंबाखूपुरते. ही खर्ची. बाकीचे पैसे मुकादमाच्या वहीत. गावी जायच्या वेळी 'हिशेब' होतो. म्हणजे मजुराचे महिन्याला १२ हजार रुपये कॉन्ट्रॅक्टरकडे बिनव्याजी पडून असतात, आणि पुरावा काय, तर एका लांबट वहीतल्या काड्या. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला तिरकी, ओव्हरटाइम असेल तर वर बारीक आकडा.

या पद्धतीत आपल्या परभणी-जालन्याचा माणूसही असतो, बिहारचाही असतो, पश्चिम बंगालमधल्या मालदा-मुर्शिदाबादचाही. फरक पडतो तो हिशेबाच्या दिवशी. परभणीवाला भांडतो. गाववाल्यांना घेऊन येतो, कोणा ओळखीच्या नगरसेवकाचा फोन लावतो, काम बंद पाडीन म्हणतो. ज्याच्या खिशातलं आधार कार्ड खोटं आहे तो भांडू शकत नाही. आणि हे कॉन्ट्रॅक्टरला पक्कं माहीत असतं. आमच्या गेटपासच्या फाइलमध्ये सात जणांच्या आधार कार्डावर एकच पत्ता होता, खोली क्रमांकासकट. मला दिसला तो कॉन्ट्रॅक्टरला दिसला नसेल? सिक्युरिटीला दिसला नसेल?

आता आपल्या पोरांचं काम कसं जातं ते सांगते. आमच्या त्याच साइटवर सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू बांधायच्या कामाची, कोटेशनं आली होती. त्यात साताऱ्याकडचे एक जुने कॉन्ट्रॅक्टर होते, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांची माणसं पाटण आणि जावळीतली, बरीच वर्षं त्यांच्याचकडे. पीएफ भरतात, विमा काढतात, हिशेब दर महिन्याला चुकता करतात. कंपॅरेटिव्ह, म्हणजे सगळ्यांच्या दरांचा तुलनेचा तक्ता, मीच केला. आबांचा दर चौरस फुटामागे १४ रुपयांनी जास्त आला. मी त्यांना केबिनबाहेर गाठून म्हटलं, आबा, थोडं खाली या ना. ते म्हणाले, "मॅडम, कुठून येऊ? माझी माणसं हिशेब मागतात."

काम एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याला गेलं. सगळीकडे जातं तसंच.

ते १४ रुपये कुठून वाचले, हे मला जानेवारीत कळलं. १६ जानेवारी २०२५ ला वांद्र्याला एका नटावर त्याच्या घरात घुसून हल्ला झाला, तुम्हाला आठवत असेल. १९ तारखेला, रविवारी पहाटे, ठाण्यात एका लेबर कॅम्पच्या परिसरातून एकाला पकडलं आणि तो बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्या रविवारी आमच्या साइटवर नेहमीप्रमाणे खर्ची वाटली गेली. सोमवारी रात्री आमचा लेबर कॅम्प, म्हणजे मजुरांची वस्ती, अर्धा रिकामा झाला. पत्र्याच्या खोल्यांत चुलीवरची भांडी तशीच, दोरीवर लुंग्या तशाच. मंगळवारी हजेरीला ३१ माणसं कमी. त्यात मालद्याचा कोण आणि सीमेपलीकडचा कोण, हे साइटवर कोणी कधी विचारलंच नव्हतं. बंगाली बोलणारे सगळेच घाबरून गेले होते, खरे कागद असलेले आणि नसलेलेही.

माणसं दिवाळीनंतर आलेली, म्हणजे अडीच महिन्यांचा हिशेब बाकी. सगळे बिगारी धरले तरी माणशी ३० हजार होतात. ३१ जणांचे नऊ लाखांच्या वर. ते पैसे कोणाकडे राहिले? कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात ती मजुरी आमच्याकडून पूर्ण वसूल झालेली होती. पुढच्या आठवड्यात हिंगोलीकडची टोळी आली, तर त्यांना सांगितलं गेलं की या साइटवर दर हाच आहे, परवडत असेल तर राहा. ती पोरं राहिली, नाक्यावर रोज उभं राहण्यापेक्षा बरं म्हणून.

आणि एक गोष्ट मला लपवायची नाही. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात स्पष्ट होतं की मजुरी वाटताना मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर पाहिजे, त्याने सही करून दाखला द्यायचा, आणि कॉन्ट्रॅक्टरने पैसे बुडवले तर मूळ मालकाने ते भरायचे. आमच्या साइटवर तो प्रतिनिधी म्हणून मी होते. रजिस्टरमध्ये पूर्ण पगार दाखवलेला असायचा, खाली अंगठे असायचे आणि त्याखाली माझी सही. खर्ची चालते हे मला माहीत होतं. सगळीकडे चालते म्हणून मी सही करत राहिले. ३१ माणसं गेल्यावर मी ते रजिस्टर घरी आणून पहिल्यापासून वाचलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

अर्थशास्त्रज्ञांमध्येही हा वाद जुनाच आहे. १९८० मध्ये क्युबातून सव्वा लाख माणसं काही महिन्यांत अमेरिकेत आली, बरीचशी मायामीतच राहिली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये आकडे तपासून म्हटलं की तिथल्या कामगारांच्या मजुरीवर फारसा परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे वेगळ्या रीतीने मांडून दाखवलं की कमी शिकलेल्यांची मजुरी चांगलीच घसरली. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेलही मिळालं, तरी वाद मिटलेला नाही. मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण माझ्या साइटवर हजेरीचा दर बघितला असता तर कोणालाच काही सापडलं नसतं. दर सगळ्यांना सारखाच होता. लबाडी होती ती न दिलेल्या हिशेबात, आणि तो आकडा कुठल्याच सरकारी तक्त्यात येत नाही.

आपल्याकडे तर माणसं किती आली याचाच पत्ता नाही. २००४ मध्ये केंद्राच्या गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत १ कोटी २० लाख बांगलादेशी असल्याचं सांगितलं आणि नंतर ते विधान मागे घेतलं. २०१६ मध्ये दुसऱ्या सरकारने राज्यसभेत २ कोटी सांगितले. या आकड्यांवर निवडणुका होतात, पण साइटवरची वही कोणी उघडत नाही. पकडून परत पाठवायच्या मोहिमाही नव्या नाहीत. जुलै १९९८ मध्ये, युतीचं सरकार असताना, मुंबईतून पकडलेल्या लोकांना हावड्याच्या गाडीने नेत होते, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या उलुबेरियाला जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं. त्यानंतर २७ वर्षांनी, जून २०२५ मध्ये, मुंबई परिसरात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही जणांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकललं गेलं, आणि मग आपल्या सीमा सुरक्षा दलाला (बीएसएफ) बांगलादेशच्या सीमा दलाशी (बीजीबी) बोलून त्यांना परत आणावं लागलं. भारताचे नागरिक होते ते.

कायदा आता कडक झालाय. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू आहे, पासपोर्ट-व्हिसाशिवाय घुसणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याआधी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका प्रकरणात जामीन नाकारताना सांगितलं की नुसतं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. ठीकच आहे. पण ज्याने ते खोटं आधार बघून न बघितल्यासारखं केलं आणि त्या खोटेपणावर नऊ लाख कमावले, तो त्या मंगळवारी ऑफिसात एसीत बसून माझ्याकडे बिलाची चौकशी करत होता. त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही.

माझे बाबा गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे कायम नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. अडीच लाख गिरणी कामगारांचं पुढे काय झालं ते लालबाग-परळच्या प्रत्येक घराला माहीत आहे. बाबा भिवंडीला यंत्रमागावर गेले. कापड तेच, हात तेच, पण बारा तासांची पाळी, हजेरीपत्रक नाही, पीएफ नाही, आणि पगाराची चिठ्ठी मागितली की उद्यापासून येऊ नकोस. त्यांच्या बाजूच्या मागावर कोणी परदेशी नव्हता. एक बाबांच्याच गावचा होता, एक आझमगढचा. मजुरी पाडायला परक्या देशाचा माणूस लागत नाही, माणूस बोलू शकत नाही एवढं पुरतं, हे मी आमच्या घरात बघितलंय. म्हणून मामेभाऊ म्हणतो की हे लोक गेले की आपल्या पोरांना पैसे मिळतील, तेव्हा मला ते पटत नाही. हिंगोलीच्या पोरांना मिळाले नाहीत.

त्याच १९८२ च्या सप्टेंबरमध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांबाबत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठबिगारीच आहे. दीड हजार खर्चीवर आठवडा काढायला लावून बाकीचं बुडवणं याला मग काय म्हणायचं?

उपाय आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि आपल्याच माणसाने लढून मिळवलेला आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमालांसाठी झगडा केला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. त्यात मालकाने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे कामगारांच्या सोयींसाठीची जादा रक्कम, मंडळात भरायची, मंडळ हमालाला देणार. मधल्या मुकादमाच्या वहीला वावच नाही. बांधकाम मजुरांसाठीही कल्याणकारी मंडळ आहे, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्यात जातो. पण त्यात नाव घालायला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि कॉन्ट्रॅक्टर तो सहजी देत नाही, कारण दाखला दिला की माणूस कागदावर आला. बांधकामाची मजुरी माथाडीसारखी मंडळामार्फत वाटली, दर महिन्याला, ओळख नीट तपासलेल्या माणसाच्या खात्यात, तर खोट्या कागदाचा माणूस साइटवर टिकणारच नाही. त्याला ठेवण्यात फायदाच उरणार नाही. आबांचं कोटेशन तेव्हा बरोबरीत येईल.

मुंबईत आज दर दुसरी सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघालीय. तुमची निघाली असेल तर बिल्डरशी करार करताना कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंड बघता, तसं एक वाक्य आणखी घालून घ्या, की साइटवरच्या प्रत्येक मजुराची मजुरी दरमहा बँकेतून गेल्याचा तक्ता सोसायटीला दाखवायचा. आमच्या सोसायटीच्या करारात मी ते घालायला लावलं. बिल्डरच्या माणसाने दोनदा खोडलं, कमिटीतल्या दोन काकांनी माझ्या बाजूने तिसऱ्यांदा लिहून घेतलं.

त्या जानेवारीनंतर मार्चमध्ये मला मालद्याहून दोघांचे फोन आले. त्या ३१ मधले. मतदार यादीतलं नाव, पंचायतीचा दाखला, बापाच्या नावचा जमिनीचा कागद, सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि म्हणाले, मॅडम, परत नाही येणार, फक्त हिशेब द्या. मी साहेबांशी भांडून कॉन्ट्रॅक्टरच्या पुढच्या बिलातून तेवढी रक्कम रोखून धरली. मे महिन्यात दोघांच्या खात्यात पैसे गेले. बाकी २९ जणांची मुकादमाच्या वहीतली पानं मी फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवली आहेत. त्यातल्या एका पानावर २० जानेवारीच्या रकान्यात तिरकी रेघ आहे. दुपारी जेवायला गेला, तो कामावर परतला नाही.