मेंदूविना पन्नास मिनिटे

आपल्याला प्राणांहून प्रिय असलेली गोष्ट घरच्यांना दाखवू नये, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळले. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावरच्या मंडळींची अमेरिकन मालिका लागत असे आणि आम्ही आळीतली आठ-दहा पोरे शेजारच्या काकूंच्या घरी, त्यांच्या कृष्णधवल संचासमोर, मांडी घालून ती पाहत असू. यानाचा कप्तान कर्क याचा गणवेश सोनेरी पिवळा आणि त्याचा परग्रहवासी अधिकारी स्पॉक याचा निळा असतो, हे मला पुढे पंधरा वर्षांनी समजले; तोवर माझ्या लेखी संपूर्ण अंतराळ करड्या रंगाचे होते. शिवाय मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असल्यामुळे संवादांतला एक शब्दही कळत नसे, त्यामुळे प्रत्येक भागाची कथा मी मनातल्या मनात रचून घेई. ती कथा फारच उच्च दर्जाची असे.

या पूर्वपुण्याईवर विसंबून गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी मी सहकुटुंब प्रयोगाची घोषणा केली. प्रेक्षकांत ऐंशी पार केलेली आई, इस्पितळात शस्त्रक्रियागृहात सिस्टर म्हणून पंचवीस वर्षे काढलेली माझी पत्नी आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेले चिरंजीव होते. मी स्वतः वीज उपकेंद्रात पाळीचा अभियंता आहे. हे सांगणे पुढे आवश्यक ठरेल. चिरंजिवांनी मोबाईलवरचे लक्ष न काढता रिमोट दाबला, तो नेहमीप्रमाणे पहिल्या दाबाला चालला नाही, म्हणून तळहातावर आपटून पुन्हा दाबला आणि पहिल्या पर्वाच्या पहिल्या भागाऐवजी तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग सुरू झाला. त्याचे नाव ‘स्पॉक्स ब्रेन’, म्हणजे स्पॉकचा मेंदू. अमेरिकेत तो २० सप्टेंबर १९६८ रोजी प्रथम दाखवला गेला आणि तेव्हापासून मालिकेचे भक्त त्याचा उल्लेख घरातल्या वाया गेलेल्या मामासारखा, आवाज खाली आणून करतात. हा भाग लहानपणी मी पाहिला होता की नाही ते आठवत नव्हते. पाच मिनिटांत खात्री झाली की पाहिला असता तरी माझ्या मनाने तो दयाबुद्धीने पुसून टाकला असता.

प्रारंभी एक अनोळखी यान येते. ते आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, झोतावर चालते, असे पाहून मुख्य अभियंता स्कॉटी हरखून जातो. आता खुद्द नासाने आयन इंजिन १९६४ सालीच अवकाशात चालवून पाहिले होते, आणि पुढे १९९८ साली ‘डीप स्पेस १’ हे यान त्याच इंजिनावर गेले, तेव्हा त्याचा जोर तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या वजनाइतका होता. हे इंजिन महिनोन्‌महिने न थकता ढकलत राहते म्हणून शेवटी वेग येतो. ही माहिती मी प्रेक्षकांना दिली. प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या जहाजावरचा अभियंता कागदाएवढ्या जोराला का भुलला, असा प्रश्न चिरंजिवांनी केला, आणि मी म्हणालो, “पुढे बघ.”

पुढे एक तरुणी यानावर अवतरते, मनगटावरचे बटण दाबून सगळ्यांना झोपवते आणि निघून जाते. मंडळी जागी होतात तेव्हा स्पॉक दवाखान्यात आडवा असतो आणि त्याच्या डोक्यात मेंदू नसतो. डॉक्टर मॅकॉय सांगतात की देह फार तर चोवीस तास टिकेल. येथे पत्नीने चहाचा कप खाली ठेवला.

“अहो, त्याचे केस?”

स्पॉकचे केस, कपाळावरची ती सरळ रेषेतली झालर धरून, जसेच्या तसे होते. पत्नीच्या म्हणण्यानुसार साधी गाठ काढायची असली तरी आधी तेवढ्या भागाचे केस काढावे लागतात. येथे सव्वा किलोहून जड अवयव बाहेर नेला होता, बारा जोड्या चेतातंतू सुटे केले होते, ज्यांतल्या एकट्या दृष्टीच्या तंतूत दहा लाखांवर धागे असतात, आणि तरी भांग विस्कटला नव्हता. संमतीपत्रावर सही कोणी केली, मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, कोणी मोजले, हे तिचे पुढचे प्रश्न होते. मी क्षीणपणे म्हणालो की ही चोरी आहे, चोर मॉप मोजत नाहीत. “चोरी असली तरी मोजतात,” ती म्हणाली, “आत राहिला तर पेशंटच्या पोटात, नाही, डोक्यात…” आणि तिला पुढे बोलवेना.

कर्कपुढे आता तीन ग्रहांचा पर्याय असतो. एक आपल्या पंधराव्या शतकाइतका पुढारलेला, दुसरा एकविसाव्या शतकाइतका, आणि तिसरा बर्फाने गोठलेला, जेथे कातडी पांघरून दगड फेकणारी माणसे राहतात. आयन इंजिन बनवणारे लोक कोठे असतील, याचा निर्णय कर्क मनाच्या कौलावर करतो आणि दगडवाल्यांकडे निघतो. बर्फात सगळे नेहमीच्याच गणवेशात उतरले, तेव्हा आईने प्रथमच तोंड उघडले. “स्वेटर नाहीत का रे यांच्याकडे?” चिरंजिवांनी सांगितले की गणवेशातच ऊब देण्याची सोय आहे. आईने क्षणभर विचार केला. “मग कानटोपी?” तिने विचारले. मालिकेच्या भक्तांनी या भागावर कोरडे ओढले असतील, पण हा आक्षेप कोणी नोंदवला असेल असे मला वाटत नाही, आणि तो अचूक आहे. विशेषतः ज्या जहाजावर स्पॉकसारख्या लांब कानांचा अधिकारी आहे, त्या जहाजाने तरी कानांचा विचार करायला हवा होता.

जमिनीखाली बायकांची ऊबदार वस्ती असते आणि पुरुष वर बर्फात कुडकुडत असतात. ही व्यवस्था विकृत आहे असे कर्कचे मत. त्यात काय चुकले, असे आईचे मत. मात्र ती मेंदू चोरणारी कारा “मेंदू म्हणजे काय?” असे वैतागून विचारते, तेव्हा आईनेही मान हलवली. सगळे ज्ञान एका शिरस्त्राणात साठवलेले असते, ते डोक्यावर चढवले की शस्त्रक्रिया जमते आणि तीन तासांत सगळे विसरायला होते. येथे चिरंजीव मोबाईल ठेवून सरसावून बसले. विद्यापीठाचा पेपर बरोबर तीन तासांचा असतो.

मेंदू नसलेला स्पॉकचा देह डॉक्टर सोबत घेऊन आलेले असतात आणि डबीवरची बटणे टकटक दाबून त्याला चालवत असतात. शंकराचार्यांनी परकाया प्रवेश केला तेव्हा शिष्यांनी त्यांचा देह गुहेत जपून ठेवला, यांनी मात्र तो खेळण्यातल्या मोटारीसारखा फिरवला, याचे आईला फार वाईट वाटले. स्पॉकचे काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांनी पुढे लिहून ठेवले की या भागाच्या चित्रीकरणात आपल्याला लाज वाटत होती. कथालेखक जीन कून यांनी आपले नाव न देता ली क्रोनिन हे टोपणनाव लावले. त्याचे खरे कारण दुसऱ्या स्टुडिओशी झालेला करार हे होते, पण पाहणाऱ्याला वेगळा संशय येतो. याच कून यांनी क्लिंगॉन ही जमात मालिकेला दिली, हे मी आवर्जून सांगितले. क्लिंगॉन कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

मी इतका वेळ बचावाच्या बाजूला होतो, पण त्यानंतर माझाच तोल गेला. स्पॉकचा मेंदू कशासाठी चोरला, तर वस्तीची हवा, पाणी आणि ऊब चालवायला! आधीचा मेंदू थकला, आणि आता हा पुढची दहा हजार वर्षे चालायचा. दहा हजार वर्षे एकच यंत्र, दुसरे राखीव नाही, पाळीला बदली माणूस नाही, नोंदवही नाही! आमच्याकडे एक रोहित्र गरम झाले तर भार दुसऱ्यावर वळवता येतो. आणि कर्क काय करतो, तर मेंदू उचलून निघतो आणि बायकांना सांगतो की आता वर जाऊन पुरुषांबरोबर राहायला शिका. आम्हाला गुरुवारी दुरुस्तीसाठी चार तास वीज बंद ठेवायची झाली तरी आदल्या दिवशी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, आणि तरी फोन यायचे थांबत नाहीत. हे सगळे मी उभा राहून, हातवारे करून, बहुधा बऱ्याच मोठ्याने सांगितले.

पडद्यावर मॅकॉय शिरस्त्राण घालून मेंदू परत बसवू लागले, तीन तासांच्या आतच विसरू लागले, मग त्यांनी आधी स्पॉकची वाचा जोडली आणि स्पॉक पडल्या पडल्या त्यांना पुढची दिशा सांगू लागला. पेशंटला जागे ठेवून मेंदूची शस्त्रक्रिया खरोखर करतात, त्याच्याशी बोलत राहतात, पण तो डॉक्टरांची शिकवणी घेत नाही, असे पत्नी म्हणाली. शेवटी स्पॉक उठून बसला, केस पुन्हा जागच्या जागी, आणि त्या वस्तीचा इतिहास सांगू लागला, तो थांबेचना. मॅकॉय वैतागून म्हणाले की याचे तोंड जोडायलाच नको होते.

हे वाक्य चिरंजिवांनी आजीला मराठीत सांगितले. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिले. मी अजून उभाच होतो आणि राखीव रोहित्राचा मुद्दा पुरा व्हायचा होता. पत्नीने शांतपणे रिमोट उचलला, संचाकडे न धरता माझ्याकडे रोखला आणि लाल बटण दाबले. तो नेहमीप्रमाणे पहिल्या दाबाला चालला नाही, म्हणून तिने तो तळहातावर आपटला.