स्पेड इस्पिकाचा नव्हे, मातीतला

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं : ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ (आडपडदा न ठेवता, आहे तसं रोखठोक बोलणं) हा वाक्प्रचार पत्त्यांतल्या इस्पिकावरून आला, मध्ये ‘ॲज’ घातलं की व्याकरण पक्कं होतं, आणि सच्च्या माणसाचं कौतुक म्हणून तो शिफारसपत्रात बिनधास्त वापरावा. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी इस्पीक. पत्त्यांतला स्पेड इटालियनमधल्या तलवारीच्या शब्दावरून आला आणि इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. वाक्प्रचार त्याहून जुना. 1542 साली निकोलस युडॉल या इंग्रज लेखकानं तो इंग्रजीत आणला, तोही डच विद्वान इरॅस्मसच्या लॅटिनवरून. मूळ गोष्ट प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कची. ऑलिंथस या ग्रीक शहरातल्या लास्थेनिसनं आणि त्याच्या साथीदारांनी मॅसिडोनियाच्या फिलिप राजाकडे गाऱ्हाणं घातलं, की तुमची माणसं आम्हाला गद्दार म्हणतात. फिलिप म्हणाला, आमचे लोक अडाणी, काठवटीला काठवटच म्हणतात. ग्रीकमध्ये खरोखर काठवटीसारख्या लाकडी भांड्याचा शब्द आहे. इरॅस्मसनं तिथं खोदायचं अवजार घातलं. गंमत म्हणजे त्याचा लॅटिन शब्द वाकड्या पात्याच्या अवजाराचा, म्हणजे आपल्या खोऱ्याच्या जातीचा. इंग्रजी स्पेड वेगळा : पातं दांड्याच्या रेषेत सरळ, वरच्या कडेवर पाय देऊन मातीत दाबायचं. शब्दसूचीत ‘स्पेड म्हणजे फावडं’ छापतात ते कामापुरतं ठीक, चित्र मात्र खोऱ्याचं काढू नये.

आता ‘ॲज’. आपल्या भागात ही चूक हटकून होते, कारण दोन्ही भाषा तिकडेच ढकलतात. मराठीत ‘चोर म्हणून हिणवलं’, कन्नडात ‘कळ्ळ अंत करेदरु’. ते ‘म्हणून’ आणि ‘अंत’ इंग्रजीत ‘ॲज’ होऊन उतरतं. पण ‘कॉल’ला ते चालत नाही : ‘दे कॉल्ड हिम अ थीफ’, बस्स. ‘रिगार्ड’ आणि ‘डिस्क्राइब’ला ‘ॲज’ लागतं, म्हणून गोंधळ वाढतो. ‘कॉल स्पेड टू स्पेड’ तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. दोन्ही ‘अ’ ठेवायचे, आणि काळ बदलला तर फक्त क्रियापद बदलायचं : ‘शी कॉल्ड अ स्पेड अ स्पेड’.

तिसरा मुद्दा वापराचा. फिलिपच्या दरबारात विषय गद्दारीचा होता, हे विसरू नये. झाकायची, गोड शब्दांत गुंडाळायची गोष्ट समोर असेल तरच हा वाक्प्रचार शोभतो. ‘ऑडिटरनं त्याला हिशेबातली चूक न म्हणता अफरातफर म्हटलं’, इथं तो चपखल. ‘उमेदवार प्रामाणिक आहे’ एवढंच सांगायचं असेल तर ‘ऑनेस्ट’ पुरे. शिफारसपत्रात हा वाक्प्रचार घातला तर वाचणाऱ्याला वाटेल, माणूस फटकळ आहे, कुणाशी पटायचं नाही. फटकळपणाही हद्दीबाहेर गेला तर इंग्रज थट्टेनं म्हणतात, हा स्पेडला ‘ब्लडी शव्हल’ (शिवी घालून फावडं) म्हणतो.

परदेशी अर्ज करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. वाक्प्रचाराच्या जन्माशी वंशाचा काही संबंध नाही. पण 1920 च्या दशकापासून अमेरिकेत ‘स्पेड’ ही कृष्णवर्णीयांना शिवी झाली, आणि ती आली पत्त्यांतल्या इस्पिकाच्या काळ्या रंगावरून. अमेरिकन वाचकासाठी लिहिताना ‘टू पुट इट ब्लंटली’ लिहावं, काम तेवढंच होतं.